व्याही आणि खिडकीचा घाम

माझ्या व्याह्यांनी ज्या घराचा उंबरा ओलांडला, त्या घरातली निदान एक वस्तू उघडून, पुसून, पुन्हा बंद केल्याशिवाय ते आजवर परत फिरलेले नाहीत. मग ते घर लग्नाचं असो, मयताचं असो, की नुसती पत्रिका द्यायला दोन मिनिटं टेकायचं असो. इतर लोक घरात शिरल्यावर आधी माणसांकडे बघतात. हे आधी छताकडे बघतात, मग भिंतीच्या खालच्या कोपऱ्याकडे, आणि मग 'काय, बरं हाय ना?' असं विचारतात. तो प्रश्न मला असतो की भिंतीला, हे मुलीच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी मला नक्की कळलेलं नाही. एका नातलगांकडे ते मयतानंतर भेटायला गेले होते. तिथे वरचा पंखा कुरकुरत होता. यांनी पाच मिनिटं कसंबसं सोसलं, मग पंखा बंद करायला लावला, स्टुलावर चढून त्यात चार थेंब तेल सोडलं आणि खाली उतरून पुन्हा दुःखी चेहऱ्याने बसले. नवरा गेल्यापासून तीन दिवस तोंडातून शब्द न काढलेली त्या घरची बाई पहिलं वाक्य बोलली ते 'गेला बाई तो आवाज' हे. तिच्या सुनेने मला हे शपथेवर सांगितलंय.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या वस्तीत त्यांचं घर आहे, आणि सगळी नोकरी एका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून झाली. जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. चोवीस माग एकदम खडखडत असताना त्यांतला कुठला आजारी आहे, हे नुसत्या आवाजावरून ओळखायचं आणि पाना घेऊन त्याच्याकडे जायचं, हे त्यांचं काम. या कामाने त्यांचे कान विचित्र झाले आहेत. माणसाचं बोलणं त्यांना तिसऱ्या खेपेला ऐकू येतं, पण तीन खोल्यांपलीकडचा नळ पहिल्या थेंबाला ऐकू येतो. कारखान्यात इतका आवाज की तिथे कोणी कानांनी ऐकत नाही, सगळे एकमेकांचे ओठ बघून समजून घेतात. त्यामुळे व्याह्यांचं बोलणं एक तर गल्लीच्या टोकापर्यंत जातं, नाही तर आवाज अजिबात निघत नाही, नुसते ओठ हलतात, आणि आपल्याला सगळं कळलं असं ते धरून चालतात. फोनवरसुद्धा. त्यांचा फोन आला आणि पलीकडे शांतता असली, की ते काहीतरी महत्त्वाचं सांगत आहेत असं समजायचं. सुरुवातीला मी 'हॅलो, हॅलो' करून फोन ठेवून द्यायची आणि नंतर लेक कळवायची की बाबा म्हणतात, विहीणबाईंना सगळं सांगितलंय.

घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, असं त्यांचं आयुष्यभर चाललेलं आहे. मराठी पक्की आहे, फक्त नळ, पंखा, मोटार यांना कुठलं लिंग लावायचं ते त्या त्या वस्तूच्या तब्येतीवर ठरतं. नीट चालत असेल तर तो नळ, गळायला लागला की ती नळ. पंखा फिरतो तोवर तो, बंद पडला की ती. बिघडलं की बाई का हो, असं मी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, "तसं न्हाई विहीणबाई. बिघडलेल्याशी जरा मऊ बोलावं लागतंय की." मी गप्प बसले, आणि मी गप्प बसले असं वर्षातून फार वेळा घडत नाही.

आमची सोयरीक जमली तीही अशीच. मुलांनी एकमेकांना पसंत केलेलंच होतं, पण रीत म्हणून दोन्हीकडची माणसं आमच्याकडे बसली. मी चहा केला, पोहे केले, आमच्या ह्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. व्याही पांढऱ्याशुभ्र शर्टात आले, बसले, आणि मान एका बाजूला कलती करून ऐकू लागले. मला वाटलं, मुलीच्या शिक्षणाबद्दल ऐकताहेत. ते ऐकत होते माझ्या स्वयंपाकघरातला नळ. 'आलोच' म्हणून उठले ते थेट सिंकखाली शिरले. पुढची सगळी बोलणी त्यांच्या दोन पायांशी झाली. लग्न कुणी करून द्यायचं, कुठल्या पद्धतीने करायचं, तेलुगू पद्धतीचे विधी आधी की मराठी पद्धतीचे, सगळं आम्ही त्या पायांना विचारत होतो आणि पाय अधूनमधून हलत होते. शेवटी आमचे हे वाकून म्हणाले, मग तुमचा होकार धरायचा ना? आतून आवाज आला, "होकार पोरीला विचारा की. मला आधी एक वायसर द्या."

आमच्याकडे मुलाच्या बापाचा मान मोठा. त्याला बसायला गादी, हातात नारळ, खांद्यावर टॉवेल-टोपी, आणि मुलीच्या आईने त्याच्यासमोर जरा बेतानेच बोलायचं. आमचे व्याही गादीवर बसतात ते फार तर पिशवी उघडेपर्यंत. जुन्या चादरीची त्यांनी स्वतः शिवलेली पिशवी आहे. तिच्यात पाना, पक्कड, एम-सील, सफेदा आणि सुताची एक लड असते. विकतची पांढरी टेप ते वापरत नाहीत. नळाच्या आट्यांवर सूत गुंडाळतात, त्यावर सफेदा लावतात आणि मग असं आवळतात की पुढचा मिस्त्री आला तर त्याने भिंतच फोडावी. शेजारच्या वहिनींनी एकदा त्यांना माझ्या मोरीतून गुडघ्यापर्यंत भिजून बाहेर येताना पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, अहो, मुलाचे वडील ना ते, मोरीत कसे घालता त्यांना? मी म्हटलं, मी घालत नाही, मी बाहेर काढायचा प्रयत्न करतेय. लग्नात त्यांच्याकडून मला मानाची साडी आली ती माझ्या विहिणीने निवडलेली होती, छान होती. तिच्या घडीत व्याह्यांनी आपल्यातर्फे एक पाना ठेवला होता. एवढा शेंगाचटणीचा कारखाना चालवता आणि घरात पाना नाही, हे त्यांना कुळाला कमीपणा आणणारं वाटलं असावं.

माझा कारखाना वगैरे काही नाही. मागच्या दोन खोल्यांत मी आणि चार बाया शेंगाची चटणी कुटतो आणि कडक भाकरी करतो. पण त्यावरूनच आमचं खरं भांडण आहे, म्हणून सांगते.

त्यांचे सगळेच इलाज यशस्वी होतात असं नाही. आमच्या न्हाणीघराचं दार ऐन श्रावणात फुगून बसलं. मी म्हटलं, थांबा, उन्हाळ्यात आपोआप बसेल. ते रंधा घेऊनच आले होते. दार लोण्यासारखं सरकायला लागलं, सगळे खूश. मार्चमध्ये दार आकसलं आणि खाली तीन बोटं फट पडली. मांजर आरामात ये-जा करू लागलं. व्याह्यांनी ते बघितलं, दोन मिनिटं विचार केला आणि दाराच्या खालच्या कडेला सोलापुरी चादरीची जाड पट्टी खिळ्यांनी ठोकून दिली. आता आमच्या न्हाणीघराच्या दाराला झालर आहे. पाहुणे विचारतात. मी सांगते, फॅशन आहे.

आता भांडणाचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांचा जुना हातमाग माळ्यावरून काढला, ठोकठाक करून घराच्या पुढच्या खोलीत मांडला आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पंचे विणायला लागले. सुताचा स्वभाव असा की हवा कोरडी असली की धागा तटातट तुटतो. म्हणून विणकराला ओल लागते. तिला ते तेलुगूत 'तेमा' म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा चेहरा असा होतो की दुसऱ्या कुणाचा देवाचं नाव घेताना होईल. सकाळी फरशीवर पाणी शिंपडायचं, मागाखाली ओली पोती अंथरायची, दार-खिडकी लावून घ्यायची, तेमा बाहेर जाता कामा नये. माझं सगळं उलट. कडक भाकरीला ओलीचा नुसता वास लागला तरी ती मऊ पडते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. मी सगळं उघडं टाकते, उन्हात ठेवते, वाऱ्यावर ठेवते. ते माझ्या खोलीत आले की त्यांचा घसा कोरडा पडतो आणि मी त्यांच्या खोलीत गेले की माझ्या चपला भिजतात. हवेला पाणी पाजलं नाही तर ती दुसऱ्याचं पिते, असं ते म्हणतात. मी म्हणते, मग तिने बाहेर जाऊन प्यावं.

दोन वर्षांपूर्वी जावयाने घराच्या जुन्या लाकडी खिडक्या काढून काचेच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. लाकडी खिडक्यांच्या फटींतून उजेड, धूळ, पाली, सगळं येत-जात होतं. नव्या खिडक्यांतून काहीच येईना. आणि त्या हिवाळ्यापासून खिडक्यांना घाम फुटायला लागला. सकाळी उठावं तर काच आतून धुरकट, तिच्यावरून ओघळ, ओघळाचं पाणी खालच्या पट्टीत, पट्टीतून भिंतीवर, आणि भिंतीला फुगवटे. फुगवट्याचे पोपडे झाले, पोपड्यांखाली काळे ठिपके आले. पुढच्या खोलीत आणि तिला लागून असलेल्या आतल्या खोलीत, जी माझ्या लेकीची.

सगळ्या गल्लीची गळती शोधणारा माणूस, त्याच्या घरात गळती. त्यांच्या अब्रूचाच प्रश्न होता. त्यांनी आधी गच्ची धरली. गच्चीवर एकदा डांबर झालं, एकदा पांढरा रंग झाला, एकदा फरशीचे तुकडे बसवून झाले. सत्तरी उलटलेला माणूस भर दुपारी डोक्याला पंचा बांधून गच्चीवर उकिडवा बसलेला असायचा. पाऊस नव्हता आणि तरी भिंत भिजत होती, हे त्यांना कुणी सांगितलं तर ते म्हणत, जुना पाऊस असतो आत मुरलेला. मग खिडकी धरली. चौकटीभोवती सिलिकॉनची एक रेघ मारली, मग तिच्यावर दुसरी, मग बाहेरून तिसरी. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खिडकी बसवणाऱ्याने खालच्या पट्टीला दोन बारीक भोकं ठेवली आहेत. त्याच्या मूर्खपणाबद्दल ते आठवडाभर हळहळले आणि दोन्ही भोकं बुजवून टाकली. ती भोकं पट्टीतलं पाणी बाहेर जायला असतात, हे मला पुढे कळलं. त्यांना त्याहून पुढे.

गेल्या सप्टेंबरात माझ्या लेकीला मुलगी झाली. बाळंतपण अर्थात माझ्याकडे. व्याही दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले, नातीकडे बघून हसले, पाळण्याचं चाक तपासलं, खोलीच्या बेसिनचा नळ घट्ट केला आणि रडले. याच क्रमाने. दिवाळीला लेक बाळाला घेऊन दोन दिवस सासरी जाऊन आली. परत आली तेव्हा बाळाच्या छातीत घरघर होती. मुलांच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, घरात कुठे ओल आहे का, भिंतीवर काळे डाग? लेकीने माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर ती म्हणाली की ती खोली कोरडी होत नाही तोवर ती बाळाला तिकडे नेणार नाही. आणि हे बाबांना सांगायचंही नाही. का, तर ते स्वतःला दोष देतील. आणि त्याहून वाईट म्हणजे पुन्हा गच्चीवर चढतील. मी म्हटलं, मी सांगते. ती म्हणाली, तू तर अजिबातच नाही, तू सांगितलंस तर माझ्या सासरच्या घराला माझ्या आईने नाव ठेवलं असं होईल. मी वचन दिलं. मला न शोभणारं होतं, पण दिलं.

मग तारखा पुढे जायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात बाळाला घरी न्यायचं ठरलं होतं. पहिल्यांदा अमावास्या आली. दुसऱ्यांदा माझा गुडघा दुखला. तिसऱ्यांदा बाळाला लस द्यायची होती, मग लशीचा ताप यायचा होता, मग ताप आलाच नाही म्हणून वाट बघायची होती. व्याह्यांना यातल्या एकाही कारणाचा संशय आला नाही. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "बरंच झालं की. तेवढ्यात खिडकीला अजून एक हात मारतो." आणि मारायचे. बाळासाठी घर नीट व्हावं म्हणून तो माणूस घर आणखी आणखी बंद करत चालला होता, आणि घर जितकं बंद होत होतं तितकं बाळ लांब राहत होतं. पाळणा त्यांनी दोनदा रंगवला. नातीसाठी मऊ सुताचं दुपटं विणायला घेतलं, आणि मऊ सूत लवकर तुटतं म्हणून पोती दोनाची चार केली.

डिसेंबरात त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. भिंत खरवडून नवीन गिलावा केला होता, तो लेकीने डोळ्यांनी बघावा आणि तारीख सांगावी, एवढंच म्हणणं. बाळाला आमच्या ह्यांच्याजवळ ठेवून आम्ही दोघी सकाळीच गेलो. थंडी होती. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी थबकले. तो वास माझ्या ओळखीचा होता. मागे एकदा एका नव्या बाईने माझ्याकडे गरम भाकऱ्या डब्यात भरून झाकण लावलं होतं. तीन दिवसांनी तो डबा उघडला तेव्हा हाच वास आला होता. मी इकडेतिकडे बघितलं. फरशी ओली. मागाखाली चार पोती, पिळली तर बादली भरेल अशी. दार बंद, खिडकी बंद, चौकटीवर सिलिकॉनच्या तीन-तीन रेघा. नव्या गिलाव्याच्या खालच्या अंगाला पुन्हा हाताएवढा डाग. आणि काच अशी धुरकट, की बाहेरचा रस्ता दिसत नव्हता.

व्याही दाखवत होते, मी हं हं करत होते. मग लेकीला खुणेने बाहेर ओट्यावर बोलावलं, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. म्हटलं, पाणी बाहेरून येतच नाहीये. तुझ्या सासऱ्यांच्या पोत्यांचं पाणी आहे ते. हवेत जातं, बाहेर जायला जागा नाही, रात्रभर थंड झालेल्या काचेला लागतं आणि परत पाणी होतं. गरम भाकरी डब्यात बंद केली की झाकणाला घाम येतो, तसं. डबा गळका नसतो गं. झाकण उघडत नाहीत म्हणून.

लेक माझ्याकडे बघत नव्हती. ती आमच्या बाजूला असलेल्या काचेकडे बघत होती. मी वळले. खिडकीच्या धुरकट काचेवर ताटलीएवढा गोल पुसलेला होता. सिलिकॉनची रेघ आम्हाला बाहेरून नीट दिसावी म्हणून व्याह्यांनी खांद्यावरच्या पंच्याने काच पुसली होती, आणि त्या गोलात त्यांचा चेहरा होता. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती.

कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसासमोर हळू आवाजात बोलण्याला काही अर्थ नसतो, हे मला त्या क्षणी सुचलं. तसं आधी सुचायला हवं होतं.

ते बाहेर आले. पंचा हातातच होता. लेकीने डोळे मिटून घेतले. ते म्हणाले, "भाकरीच्या डब्याचं काय म्हणत होता, विहीणबाई?"

रीतीप्रमाणे मी 'कुठं काय, सहज' असं म्हणायला हवं होतं. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी मोठ्याने, आणि बाळाची घरघर, डॉक्टरांचा प्रश्न, तेही. ते ऐकत होते. मग वळून खिडकीकडे बघत राहिले, आजारी मागाकडे बघावं तसे.

"म्हणजे भाईरनं न्हाई."

"नाही."

"माझ्याच पोत्यातलं."

"हो."

"आणि पोरीची छाती?"

लेकीने मान हलवली. आतून माझी विहीण आली. ती आयुष्यभर मागासाठी सुताच्या कांड्या भरत आणि कमी बोलत आलेली बाई आहे. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "हा माग मांडल्यापासून मी ओल्या फरशीवर झोपते. मला कुणी डॉक्टरकडं नेलं न्हाई की."

यावर मला हसू आलं, तिलाही आलं, आणि लेक रडायला लागली. व्याही आत गेले. परत येताना दोन पोती त्यांनी स्वतः उचलून आणली आणि ओट्याच्या कठड्यावर वाळत टाकली. मग पुन्हा आत जाऊन उरलेली दोन आणली. चहा झाला. तारखेबद्दल कुणी बोललं नाही. आम्ही निघालो तेव्हा ते खिडकीच्या खालच्या पट्टीशी बसून शिवणाच्या सुईने सिलिकॉन कोरत होते.

पण जॉबर दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. पोती बाहेर टाकली म्हणजे त्यांना पटलं असं नव्हे, ते करून बघत होते. चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडे शांतता. मी या वेळी ठेवला नाही. शांतता बरीच लांबली. ओठ हलत असणार, काय काय म्हणत असणार, मला काही ऐकू येत नव्हतं आणि मी ऐकत होते. मग आवाज आला, "काच कोरडी हाय." आणि त्यांनीच ठेवून दिला.

जावयाने माग गच्चीवर पत्र्याची खोली करून तिथे हलवू या म्हणून बघितलं. ते नको म्हणाले. माग हितंच राहील, पोती ऱ्हाणार न्हाईत. त्यांनी भिंतीचा नवा गिलावा स्वतः पुन्हा खरवडला, तो चांगला वाळेपर्यंत थांबले, डाग पुन्हा येतो का हे रोज हात लावून बघितलं, आणि मग एका गुरुवारी स्वतः रिक्षा घेऊन नातीला न्यायला आले. त्या दिवशी ते माझ्या घरात आले आणि छताकडे न बघता थेट पाळण्याकडे गेले. मी त्यांना गादीवर बसवलं, नारळ दिला. बसले. नारळ हातात घेऊन बराच वेळ नुसते बसले, एखाद्या खऱ्या व्याह्यासारखे.

बाळ गेल्यावर पंधरा दिवसांनी मी डिंकाचे लाडू घेऊन तिकडे गेले. घरी ऑर्डरी पडल्या होत्या, लाडू ठेवून लगेच निघायचं होतं. पुढच्या खोलीची खिडकी वीतभर सरकवलेली होती आणि चुकून कुणी लावू नये म्हणून तिच्या मुठीला सूत बांधून ते खिळ्याला ताणून ठेवलं होतं. फरशी कोरडी. थंड कोरडा वारा खोलीत सरळ येत होता. व्याही मागावर बसले होते आणि धागा तुटत होता. चार बोटं विणून होत नाहीत तोवर एक धागा जात होता. ते थांबत, वाकत, तो शोधत, गाठ मारत, पुन्हा सुरू करत. आतल्या खोलीत लेक आणि बाळ झोपलेली होती.

मी थोडा वेळ बघितलं. मला असलं काम बघवत नाही. मी म्हटलं, अहो, ही कसली तऱ्हा, उन्हाळ्यात तर इंचाइंचाला तुटेल. बंद करा की हा माग आता.

त्यांनी पुढचा धागा जोडून घेतला. मग हाताने आतल्या खोलीकडे दाखवलं.

"माग चालू असला की तिचा श्वास ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "तुटला की थांबतो. थांबला की ऐकू येतो. बरंच की."

आणि पुन्हा विणायला लागले. मी निघणार होते. लाडवांचा डबा खाली ठेवला आणि मागाशेजारच्या स्टुलावर बसले. खटखट सुरू होती, मग तुटला, खोली शांत झाली. ते वाकून धागा शोधत होते, पण मान किंचित कलती होती. आतून बाळाचा श्वास येत होता, हलका, न अडखळता. त्यांनी गाठ मारली. पुन्हा खटखट. जेवणाची वेळ होईपर्यंत मी तिथेच होते. धागा तुटला की तेवढ्यापुरती मीही हलायची थांबून आत कान देत होते.